कुंकू लागलेला पाना

(बेला, २०१६. दिवाळीला दोन दिवस. अंगणात लाल स्पोर्ट्स गाडी, पुढून चेपलेली. तिच्यावर हात ठेवून अमृतराव मिस्त्री उभे. ओट्यावर प्रयागबाई, डावा हात प्लास्टरमध्ये. पायरीवर तिचा मुलगा यशवंत.)

यशवंत : नाही काका, आता गाडी विकायचं बोलणं झालं. पांढरकवड्याचा माणूस चार वाजता गाडी न्यायला येऊन राह्यला.

अमृतराव : त्याले फोन कर. म्हण, आज नको.

यशवंत : काऊन?

प्रयागबाई : आधी पाणी त पिऊ दे त्याइले. सतरा दिवस झाले, अमृतभाऊ. माह्या प्लास्टरवर नातीनं मोर काढला, मोराले पिसं फुटले, तरी तुमचे पाय इकडं वळले नाई.

अमृतराव : पाणी नको, वहिनी. तुमच्या घरचं पाणी घशाखाली उतरणार नाई.

प्रयागबाई : एवढी कडू हाये का आमची विहीर?

यशवंत : आई, ते उगाच मनाला लावून राह्यले. काका, तुमचा काय दोष? वळणावर माझा हात चुकला. मी स्टिअरिंगला पुन्हा हात लावणार नाही, गोष्ट संपली.

अमृतराव : संपली नाई. मी अजून सांगतलीच कुठं?

यशवंत : त्या बारबद्दल? खरं सांगा, चेसीखाली आडवा बार लावून गाडी सुधारते, का ते नुसतं थोतांड? हैदराबादचा दुकानदार म्हणे, वळणावर रुळावरून चालल्यासारखी चालते.

अमृतराव : थोतांड नाई, अन् देवही नाई. वळणावर गाडीचं अंग पीळ खाते, बार तो पीळ धरून ठेवते. हात फिरवला का गाडी लवकर ऐकते. पण रस्ता धरते टायर, अन् वेग आवरते माणूस. हे तवाच सांगाले पाह्यजे होतं. तू मले उस्ताद म्हणे, मी फुगून गेलो.

यशवंत : मग तेवढंच ना?

अमृतराव : तेवढंच असतं त मी झोपलो असतो, लेका. आठव, खंडेनवमीची संध्याकाळ. बार बसवाची रीत अशी का बोल्ट आधी नुसते हातानं फिरवाचे. गाडी चारी चाकांवर खाली घ्याची, आपल्या वजनानं बसू द्याची, मंगच आवळाचे. मी एका कोपऱ्याखाली जॅक असतानाच आवळले. अंग वाकडं होतं, तसंच बांधून टाकलं.

यशवंत : तुमी? तीस वर्षांचा हात तुमचा!

अमृतराव : घरातून हाका येऊन राह्यल्या होत्या, पूजा मांडली, अवजारं द्या. म्हटलं, आता आवळतो, खाली घेऊन पुन्हा ढिले करतो. गाडी खाली उतरवली, तवर पाना पाटावर गेला होता. कुंकू लागलं, वर झेंडू ठेवला. कुंकू लागलेला पाना दसरा होईस्तोर उचलाचा नाई. माह्या बापानं कधी उचलला नाई.

प्रयागबाई : अन् सकाळी आमी निर्मलले निघालो. लेकीले सोनं द्याले.

अमृतराव : सहा वाजता हा किल्ली मागाले आला. माही नजर पाटावर होती, अन् हातानं किल्ली देली. 'उद्या ये' एवढंच म्हणाचं होतं, वहिनी. जीभ उचलाले त कुंकवाची आडकाठी नव्हती!

यशवंत : ...मला कळलं होतं, काका.

प्रयागबाई : काय कळलं होतं?

यशवंत : उजवीकडं बरी वळत होती. डावीकडं अडत होती, नाराज बैलासारखी. नेरडीगोंडा यायच्या आधीच कळलं. तू म्हणालीस, हळू घे. मी म्हटलं, बार बसलाय, घाबरू नको. निर्मल आजपासून वेगळा जिल्हा, गर्दी व्हायच्या आत पोचू.

अमृतराव : माह्या चुकीत तुही चूक मिसळू नको.

यशवंत : वेग माझाच होता ना?

अमृतराव : वाकडी मीच बांधली!

प्रयागबाई : पाह्य बरं! दसऱ्याले आपट्याचे पानं वाटावे, तशे दोघं चुका वाटून राह्यले. मोडला माहा हात, अन् मले कोणी इचारतच नाई.

अमृतराव : तुमी शिव्या द्या, वहिनी. त्याच्यासाठीच आलो.

प्रयागबाई : खोटं. शिव्या खाले त सतरा दिवस पडले होते. आज काऊन आले?

अमृतराव : ...गाडी विकून राह्यले, म्हणून कळलं. ही वाकडी बांधलेली गाडी दुसऱ्याच्या लेकराखाली जाईन. मंग मी कोणत्या गावी तोंड घेऊन जाऊ?

प्रयागबाई : यशवंता, फोन लाव त्या माणसाले.

यशवंत : लावतो. काका, पाना आणलाय?

अमृतराव : हे पाह्य. तवापासून ह्याच्यानं एक बोल्ट फिरवला नाई. कुंकूही पुसवलं नाई.

प्रयागबाई : नका पुसू. यशवंताचे बाबा बैलांची दमणी गाडी बांधत, तवा मले कडेवर पोरगी घेऊन आत बसवत. म्हणत, 'तू बस, मंग दोर आवळतो. रिकामी बांधली त भरल्यावर कुरकुर करन.'

अमृतराव : उद्धवराव माह्याहून शहाणे होते. चाला, आता चारी चाकं भुईवर हायेत. बोल्ट ढिले करतो, माणसं बसवतो, मंगच आवळतो. यशवंता, तू स्टिअरिंगवर बस.

यशवंत : मी?

अमृतराव : चालवाची नाई. नुसतं बसाचं हाये. अन् बाजूले शेजारचं कोणी...

प्रयागबाई : शेजारचं काऊन? मी हाये ना.

यशवंत : आई, तू नको. बसायचंच असेल तर मागं बस.

प्रयागबाई : मागं कायले? जिथं बसली होती, तिथंच बसन. दार उघड, यशवंता. एका हातानं मले जमत नाई.