नुसतं नाव सांगायचं

सांगलीच्या स्टँडवर नेमिनाथने मिरजेच्या दोन गाड्या मुद्दाम सोडल्या होत्या. त्याच्याच बाकापाशी एक नवराबायको तिसरीची वाट बघत होती.

"आवं, बसा की. किती येरझाऱ्या घालताय?"

"रंगू, मी जातो माघारी. पलटनीत रम पिलेला गडी मी. त्या शाळंच्या खोलीत बसून रडगानं गाऊ व्हय?"

"बनुबाईचं मालक तिथंच जाऊन सुटलं. समदी दारू सोडायलाच आलेली असत्यात."

"आन् कुनी वळखीचं निघालं तर?"

"ते बी त्याच्यासाठीच आलेलं असंल न्हवं? तिथं गाव इचारत न्हाईत, आडनाव इचारत न्हाईत. नुसतं नाव सांगायचं."

"गाव न सांगता नाव? आसं कवा कुनी सांगितलंय?"

"आज तुमी सांगा."

"हात बघ माजा, कसा कापतोय."

नेमिनाथने आपले दोन्ही हात खिशात घातले.

मिरजेची गाडी लागली. तो उठला आणि पुन्हा बसला. ते बघून नवऱ्याने सवयीने विचारलं, "पावनं, कुठलं गाव तुमचं?"

नेमिनाथने खिशातून हात बाहेर काढले.

"नेमिनाथ," तो म्हणाला.