तुकडा क्रमांक सात

काका: ‘पडिक’ नाही, ‘पडीक’. दुसरी वेलांटी.

सिस्टर: काका, तेवढं सोडून बाकीचं वाचलंत का?

काका: अजून नाही. शुद्ध केल्याशिवाय मजकूर माझ्या डोक्यात शिरत नाही. अगं, माझी लाल पेन्सिल कुठाय?

काकू: उशीखाली. झोपेतही लागते ना तुम्हाला. सिस्टर, तू बस गं. ड्यूटीवरून थेट आलेली दिसतेस.

सिस्टर: हो काकू. म्हटलं, नोटीस टपालानं पाठवण्यापेक्षा हातात द्यावी. इतकी वर्षं शेजारी शेजारी भाजी लावतोय आम्ही, बरं नाही दिसत ते.

काकू: तू मनाला लावून घेऊ नकोस. यांनी आमच्या लग्नपत्रिकेत तीन चुका काढल्या होत्या. मांडवात बसून माझ्या मामांना दाखवत होते.

काका: दोन. तिसऱ्या ठिकाणी छपाईचा खिळा तुटला होता, त्याला चूक म्हणत नाहीत. हं. ‘तुकडा क्रमांक सात, नगरपालिका भाजीबाग. सदर तुकडा सलग पंचेचाळीस दिवस पडीक राहिल्याने नियम नऊनुसार आपले वाटप येत्या शनिवारपासून रद्द समजावे.’ सात म्हणजे माझा.

सिस्टर: तुमचा.

काका: वाक्य मात्र चांगलं आहे.

सिस्टर: तुमचंच आहे. मला तुमच्या तीन नोटिसा आल्यात ना आजवर, त्यातलीच एक समोर ठेवून उतरवली. आठाच्या जागी सात केलं फक्त.

काका: तरी म्हटलं, सेक्रेटरी झाल्या झाल्या इतकं नेमकं कसं लिहिता येतं.

सिस्टर: सभेत कुणी तयार होईना. शेवटी सगळे म्हणाले, हिलाच द्या, हिनं नोटिसा खाल्ल्यात, हिला नियम पाठ असतील.

काकू: आणि यांच्या अध्यक्षाच्या खुर्चीवर?

सिस्टर: कुणीच नाही. दोन बैठका चुकल्या की पद जातं. तोही काकांचाच नियम. सध्या दोन्ही कामं मीच बघते.

काका: कसा आहे तुकडा?

सिस्टर: खरं सांगू? लव्हाळा गुडघ्याला लागतोय. मिरच्या उन्हानं वाळल्या. भोपळ्याचा वेल तेवढा जिवंत आहे, तो माझ्याकडे आलाय.

काका: रेषा ओलांडून?

सिस्टर: दोन हात.

काका: छाटायला हवा होता तुम्ही.

सिस्टर: कसा छाटणार? मला रोज बघितलं की कसंतरीच होतं. माझ्या घेवड्याच्या मांडवाची उंची मोजायला तुम्ही स्टुलावर चढलात आणि खुब्याचं हाड मोडून घेतलंत.

काका: मांडव चार बोटं जास्त होता.

काकू: हे ते ॲम्ब्युलन्समध्येही सांगत होते. स्ट्रेचर धरणाऱ्या दोघांना.

सिस्टर: मी काय म्हणते, शनिवारच्या आत मी अर्धा तुकडा खुरपून टाकते. निम्मी जागा साफ दिसली की पडीक म्हणता येत नाही.

काका: नियम चौदा. दुसऱ्याच्या तुकड्यात काम करायला तुकडाधारकाची लेखी परवानगी लागते, आणि त्यावर अध्यक्षाची सही.

सिस्टर: तुम्ही परवानगी द्या, सही मी करते.

काका: ज्याला नोटीस लागू आहे त्याला परवानगी देता येत नाही. पोटनियम आहे.

काकू: किती भोकं बुजवलीत हो तुम्ही. आता स्वतःला बाहेर पडायला एक नाही.

सिस्टर: आजारपणाची सवलत नाही का कुठे? मी नियम तीनदा वाचले.

काका: होती. काढली.

सिस्टर: कुणी?

काका: मी. चार नंबरच्या शिंप्याच्या वेळी. छातीत दुखतंय म्हणून दोन महिने फिरकला नाही. एकाला सोडलं की दहा जण छाती धरून बसतात.

सिस्टर: शिंपीकाका तेव्हा माझ्याच वॉर्डात होते. खरंच दुखत होतं त्यांचं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तुमची नोटीस आली. मीच वाचून दाखवली, चष्मा काढून ठेवला होता त्यांचा.

काका: मला काय कल्पना.

सिस्टर: अर्जात लिहिलं होतं त्यांनी. दवाखान्याच्या नावासकट.

काका: अर्ज वाचला होता मी.

काकू: वाचला असणारच. सिस्टर, सही कुठे करायची ते दाखव त्यांना.

•

काका: दार उघडंच आहे, या. मला उठायला वेळ लागतो. छत्री बाहेर ठेवा, वॉकरचे पाय घसरतात ओल्यावर.

सिस्टर: चालायला लागलात की. पाऊल पूर्ण टेकताय ना?

काका: टेकतोय. काय म्हणतोय सात नंबर?

सिस्टर: पावसानं सगळं हिरवं झालंय, पण त्यात खाण्यासारखं काही नाही. त्याच कामाला आलेय. प्रतीक्षायादी काढली. पहिल्या नंबरवर एक बाई आहेत, अकरा वर्षांपासून.

काका: मग थांबलात कशाला? पत्र द्या. पंधरा दिवसांत ताबा, नाहीतर पुढचं नाव.

सिस्टर: पत्र द्यायलाच आले.

काका: इथे?

सिस्टर: पत्ता इथलाच आहे.

काका: चुकला असेल. इथे आम्ही दोघंच राहतो.

काकू: माझे हात पिठाचे आहेत गं. टेबलावर ठेव ते.

काका: नाव बघू. हे तर तुझं माहेरचं नाव.

काकू: हो. अजून लक्षात आहे म्हणायचं तुमच्या.

सिस्टर: मूळ अर्जही आणलाय मी. कोपऱ्यात तुमचाच शेरा आहे, लाल पेन्सिलनं. ‘अर्जदाराने ऱ्हस्व-दीर्घाकडे लक्ष द्यावे. क्रमाने यादीत घ्यावे.’

काका: आणि पत्ता माझ्या लक्षात आला नाही?

सिस्टर: पत्त्याखाली खूण नाहीये काही.

काका: पत्त्यात चूक नसेल. चूक नसली की माझं लक्ष जात नाही.

काकू: ते मला ठाऊक आहे.

काका: अगं, पण अर्ज कशाला? घरचा तुकडा होता की.

काकू: होता ना. त्या वर्षी तुम्ही पाच दिवस गावाला गेलात, तेव्हा मी त्यात मुळे पेरले होते. आल्याबरोबर तुम्ही कोवळी रोपं उपटलीत आणि दोरी धरून सरळ रेषेत लावलीत. मुळा उपटून परत लावला की पोसत नाही. एकही आला नाही. दुसऱ्या दिवशी मी नगरपालिकेत जाऊन अर्ज दिला.

काका: मला बोलली असतीस.

काकू: बोलले होते. तुम्ही म्हणालात, ‘पेरले’ नाही, ‘फेकले’ म्हण.

सिस्टर: काकू, मध्ये एकदा तुमचा नंबर लागला होता, असं दिसतंय. चार नंबरचा तुकडा. तुम्ही नकार कळवलात.

काकू: एकदा नाही म्हणता येतं, नाव जात नाही. तेव्हा म्हटलं.

काका: चार नंबर म्हणजे शिंप्याचा. का नाही घेतलास? माती सगळ्यात चांगली त्याची.

काकू: त्याची वांगी उभी होती त्यात. धरलेली. तो तिकडे दवाखान्यात, आणि मी ती तोडून आणून तुम्हाला वाढू?

सिस्टर: मग आता काय करायचं? हा घ्यायचा का नाही?

काकू: घ्यायचा. कुठे सही करू?

•

(भाजीबाग. थंडीतली सकाळ. काकू उकिडव्या बसून खुरपतायत, काका बांधावर खुर्चीत, शेजारच्या तुकड्यात सिस्टर घेवडा बांधतेय.)

काका: तिसरी ओळ डावीकडे गेली.

काकू: जाऊ दे.

काका: कोबी म्हणजे शिस्तीचं पीक आहे. एक हात सोडायचा, पुढचा लावायचा. तू हे दाणे टाकल्यासारखे लावलेत.

काकू: गड्डे धरलेत ना? की वाकड्या ओळीत कोबी पोसत नाही?

सिस्टर: धरलेत हो. गेल्या चार वर्षांत सात नंबरवर एवढे गड्डे नव्हते.

काका: माव्यावर लक्ष ठेव. पानाच्या मागे बघ.

काकू: बघितलं. राख टाकली. तुम्ही जरा शाल घ्या अंगावर, आणि गप्प बसा. परवानगी तुम्हाला बसायची आहे. लेखी आहे, माझ्याकडे प्रत आहे.

काका: बसायलाही परवानगी लागते, असं नियमात कुठेही नाही.

सिस्टर: नव्हतं. काकूंनी मागितलं म्हणून मी दिलं लिहून. काका, तुम्ही लिहून दिलेलं आजारपणाचं नवं कलम मात्र सभेत मंजूर झालं बरं का. एकमतानं.

काका: एकही शब्द न बदलता?

सिस्टर: कुणी वाचलंच नाही. मी म्हटलं, काकांनी लिहिलंय, आणि आजारी माणसाचा तुकडा सहा महिने काढायचा नाही. सगळ्यांनी हात वर केले.

काका: छान. म्हणजे मी बरा झाल्यावर.

काकू: आणि शिंप्याचं काय?

काका: कलम मागच्या तारखेपासून लावता येत नाही. चार नंबर आता दुसऱ्याच्या नावावर आहे, त्यांचा काय दोष.

काकू: मी चार नंबर म्हणतच नाहीये. हा एवढा तुकडा मला एकटीला खुरपवत नाही. गुडघे बोलतात. विहिरीकडचा अर्धा मी त्याला देणार आहे. चौदाव्या नियमानं चालतं ना ते, लेखी परवानगी दिली की?

काका: चालतं. अध्यक्षांची सही लागेल.

सिस्टर: झाली समजा. ते मुलीकडे राहतात आता, बस डेपोच्या मागे. मशीन घेऊन गेलेत बरोबर. बरी आहे तब्येत.

काकू: पत्र मी लिहून आणलंय. हे घ्या.

काका: मी काय करू?

काकू: नेऊन द्या.

काका: मी? अगं, मला बघून त्याची छाती पुन्हा दुखेल. सिस्टरला जाऊ दे, ओळखीच्या आहेत त्या.

सिस्टर: मला पुढचे सहा दिवस ड्यूटी आहे.

काकू: तिनं एक पत्र वाचून दाखवलंय त्याला. हे तुम्ही द्या.

काका: बरं. जरा नजर घालू का त्यावरून? इथे ‘परवानगी’त तू...

काकू: चुका असतील. राहू द्या तशाच. त्याला कळेल, तुम्ही नाही लिहिलं ते.

•

सिस्टर: काय काका, आज खुर्ची नाही? काठीवर आलात?

काका: खुर्ची उचलायला कोण आहे? हिच्या दोन्ही हातांत झारी.

काकू: उन्हं तापायला लागली. आता रोज दोनदा पाणी घालावं लागणार. सिस्टर, यांना विचार, काल कुठे गेले होते. मला काल धड सांगितलं नाही. आले ते हात धुऊन जेवायलाच बसले.

सिस्टर: शिंपीकाकांकडे? गेलात एकदाचे? मग, काय म्हणाले?

काका: दार त्यांनीच उघडलं. मी दोन जिने चढून गेलो होतो, दम लागला होता. बोलायचं वाक्य बसमध्ये तयार केलेलं, ते काही केल्या आठवेना. ते मला न्याहाळत राहिले, वरपासून खालपर्यंत.

सिस्टर: आणि मग?

काका: मग म्हणाले, पँट कमरेत तीन बोटं सैल झालीय तुमची. पडाल. काढा, आत घेतो.

काकू: आणि तुम्ही काढलीत?

काका: काय करणार? त्यांच्या मुलीनं चादर आणून दिली. ती गुंडाळून मी खुर्चीत, आणि ते मशीनवर. तासभर.

सिस्टर: तासभर? तीन बोटांना?

काका: आधी उसवली. जुनी शिवण वाकडी होती म्हणे. कुठल्या गाढवानं मारली, असं विचारलं.

काकू: तयार घेतलेली आहे ती, दुकानातून.

काका: सांगितलं मी. म्हणाले, वाटलंच.

सिस्टर: माफी मागितलीत का?

काका: सिस्टर, चादर गुंडाळून माणसाला माफी मागता येत नाही. प्रयत्न केला. मशीनच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं की नाही, माहीत नाही. पुन्हा म्हणायचा धीर झाला नाही.

काकू: पत्र दिलंत ना पण?

काका: दिलं. दोनदा वाचलं त्यांनी. घडी घालून खिशात ठेवलं. विचारलं, विहिरीकडचा भाग का? म्हटलं, हो. म्हणाले, तिथे सावली येते दुपारी, वांग्याला चालेल.

सिस्टर: म्हणजे येतायत. काकू, झालं की काम.

काका: येतायत. रविवारपासून, दर रविवारी सकाळी. जावई स्कूटरवर सोडेल. रोपंही घरूनच आणणार आहेत.

काकू: मग तोंड का पाडलंय एवढं?

काका: पाडलेलं नाही. एक अट आहे त्यांची. पँट हातात देताना सांगितली, अगदी सभ्यपणे. मी बागेत नसलो तर येतील.

सिस्टर: तुम्ही काय म्हणालात?

काका: चालेल म्हटलं.

काकू: दर रविवारी?

काका: दर रविवारी. जाताना तेवढं सांगून जात जा, कुकरच्या किती शिट्ट्या घ्यायच्या.