खणातली पट्टी

आक्का: मशीन काय म्हणतंय ते मला नका सांगू, श्रुतीमॅडम. ही पट्टी बघा. बयाबाईच्या कागदावर बीपीची अडीचची गोळी हाय. फार्मसीतनं आमच्या वॉर्डात आलेल्या पाकिटात पाचची निघाली. दुप्पट.

श्रुती: पण आक्का, या पाकिटापुढं स्कॅनरवर हिरवी खूण आहे. औषध चुकलं की तो लाल होतो, ओरडतो.

आक्का: त्यो न्हाय ओरडला. मी ओरडले. पाकीट उघडून बघितलं म्हणून, न्हायतर म्हातारीनं गिळलीच असती.

श्रुती: कृष्णातदादा, काउंटरवर तुम्ही होता. हे पाकीट स्कॅन केलं होतं ना?

कृष्णात: व्हय की मॅडम. स्कॅन केल्याबिगर एक पाकीट हलत न्हाय इथनं.

श्रुती: मग हे कसं झालं? महिनाभर आपण हे हातातलं मशीन वापरून बघतोय. एकदाही लाल नाही. आज तीन वाजता मी खरेदी समितीला सांगणार होते, मशीन घ्या म्हणून.

आक्का: आणि घेतलं की आमची तपासणी बंद. साहेब म्हणाले, मशीन बघतंय तर सिस्टरांनी परत पाकिटं कशाला उघडायची.

श्रुती: तेच तर. चार्जिंग कमी होतं का? की नेट गेलं होतं?

कृष्णात: नेट जातंय अधनंमधनं. पण येतंय परत.

आक्का: गर्दीत गांगरत असंल. माणूस गांगरतंय, तसं.

श्रुती: मशीन नाही हो गांगरत. थांबा, हीच पट्टी पुन्हा स्कॅन करते. दादा, हिच्यावर कोड कुठं आहे?

कृष्णात: तुकड्यावर कुठला कोड? पट्टीच्या एका टोकाला असतोय त्यो. वॉर्डात कुणाला दोन गोळ्या लागत्यात, कुणाला चार. कापून द्यायच्या. टोक एकालाच मिळतं.

श्रुती: मग तुम्ही स्कॅन काय केलं?

कृष्णात: खणातली पट्टी.

श्रुती: कुठल्या खणातली?

कृष्णात: ह्या की. प्रत्येक औषधाची एक अख्खी पट्टी ठेवलीया. कागदावर जे नाव आसंल त्याची पट्टी काढायची, मशीन लावायचं. हिरवं होतंय.

आक्का: आणि पाकिटात काय जातंय?

कृष्णात: ते फळीवरनं काढतोय की. कापून.

श्रुती: म्हणजे कागद आणि खण जुळतात. पाकीट कुणी बघतच नाही.

कृष्णात: ...व्हय. तसं म्हटलं तर.

आक्का: इथंच घोडं पेंड खातंय.

श्रुती: दादा, मला सांगायचं ना.

कृष्णात: पहिल्याच दिवशी तुकड्याला कोड सापडंना. बाहेर रांग दारापातूर गेली. तुम्ही वरनं फोन करून म्हणालात, हात चालवा. मला वाटलं, मशीन नापास झालं तर तुमची मेहनत पाण्यात. तुम्ही किती भांडून आणलंय ते. मी तुमच्यासाठीच केलं, मॅडम.

श्रुती: राग येतोय मला. आणि कुणाचा, तेही कळेना. मी वर बसून आकडे बघत होते. सगळं हिरवं. मला तेच हवं होतं, म्हणून एकदा खाली येऊन उभी राहिले नाही.

कृष्णात: आता झाकली मूठ सव्वा लाखाची. खण आज रिकामा करतो. उद्यापासनं नीट.

श्रुती: आणि तीन वाजता काय सांगू? मशीन चांगलं आहे? वाईट आहे? मला दोन्ही माहीत नाही. आपण मशीन तपासलंच नाही.

आक्का: मग तेच सांगा.

श्रुती: हसतील आक्का. महिना गेला, पुन्हा पहिल्यापासून.

आक्का: हसू दे. मशीन घेतलं आणि आम्ही पाकिटं उघडायचं सोडलं, तर पुढल्या बयाबाईची गोळी कोण बघणार?

श्रुती: सांगते. तुमची तपासणी बंद करू नका, हे आधी सांगते. बाकीचं मग.

कृष्णात: माझं नाव येणार न्हवं त्यात?

श्रुती: खणाचं येणार. माझंही येणार.

आक्का: एक विचारू? वॉर्डातली पाकिटं मी उघडत होते. घरी जाणाऱ्यांची कोण उघडत होतं?

(बाहेर रांगेत कुणीतरी खिडकीची काच वाजवतं.)

कृष्णात: त्येंचीबी खणातनंच केली.

श्रुती: त्यांचे फोन नंबर आहेत?

कृष्णात: मशीनमधी हायत.

श्रुती: बीपी आणि साखरवाल्यांपासून सुरू करा. आक्का, खिडकीवर जरा तुम्ही बघा. समितीला मी फोन करते, यायला उशीर होईल म्हणून.

कृष्णात: काय बोलू त्येंच्याशी?

श्रुती: खरं ते.

कृष्णात: हॅलो, धोंडीराम पावणं का, शाहूवाडीचं? कोल्हापूरच्या दवाखान्यातनं कृष्णात बोलतोय. बसा आधी. गोळ्यांचं पाकीट उघडा आणि पट्टीवर आकडा कितीचा हाय, तेवढा वाचून दाखवा.