दर्भाचा कावळा

हं हं—त्या चटईवर नको, जयतीर्था! ऊठ. खुर्ची दिसत नाही का तुला? खुर्चीवर बैस. अरे, विटाळ होतो म्हणून नाही—मला कधी शिवाशीव पाळताना बघितलंयस? जानवंसुद्धा काढून खुंटीला टांगलं होतं मी, तुझ्याच बहिणीनं, वसुमतीनं, ते उचलून देवघरात नेऊन ठेवलं. ही चटई ध्यानाची आहे, एवढंच. तिच्यावर दुसरं कुणी बसलं की माझं चित्त लागत नाही. मागे वसुमतीनं केर काढताना हात लावला, तर मला ती बादलीत बुचकळून परत वाळत घालावी लागली—हसतोस काय? ते सोवळं निराळं आणि हे निराळं. सोवळं म्हणजे अज्ञान. ही शिस्त आहे. पण तुझ्यापुढे हे बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पँटची क्लिप काढ आधी, घरात काय सायकल चालवायची आहे?

तर काय, गुंडोनं पाठवलं तुला. छे, गुंडोला एवढी अक्कल कुठली—तुझ्या बहिणीनं पाठवलं, खरं सांग. काल पिशवी भरून गुंडोकडे, माझ्या धाकट्या भावाकडे, बसवनगुडीला गेली ती. दारात उभी राहून काय म्हणाली ठाऊक आहे? 'अम्मांचं पहिलं वर्षश्राद्ध. थोरला मुलगा जिवंत असताना धाकट्यानं पिंड द्यायचे? तुम्ही आलात तर तुमच्याबरोबर परत येईन, नाही तर तिथंच राहीन.' राहा म्हटलं. म्हणजे, म्हटलं नाही, पण मनात तसंच. आणि आज हा भाऊ हजर! भटजी दुपारपर्यंत थांबतील म्हणे. थांबणारच, वडे तळायला घेतले असतील ना. नंतर मल्लेश्वरमात दुसरं घर धरलं असेल त्यांनी, इकडचं जेवून ढेकर देत तिकडच्यांचे पितर जेवू घालायला. कॉफी घेतोस? मी नाही घेतली सकाळपासून. नाही रे, उपास कसला! इच्छा झाली नाही. तुझ्यापुरती करतो म्हणालो तर—नको? सरी—बरं, राहिलं.

तिकडे खिडकीतून काय बघतोस? आवाराच्या भिंतीवर? भात ठेवलाय. पक्ष्यांसाठी. मैत्रीभावना म्हणतात तिला, सगळ्या जिवांचं भलं चिंतायचं, तुमच्यात नसतं तसलं काही. इकडे बघ.

मी काय करतोय ते तुम्हाला एकालाही कळलेलं नाही, हेच माझं दुखणं. दुखणं नाही—गंमत. अडीच हजारावी बुद्धजयंती झाली ना, त्या साली सगळं गाव दिवे लावून मोकळं झालं, आणि मी मात्र बुद्धाची मूळ पाली सुत्तं वाचायला बसलो. कारखान्यातून आलो की हीच चटई. कशासाठी? सोतापन्न व्हायचं म्हणून. तोंड वाकडं करू नकोस, सोपं आहे. सोतापन्न म्हणजे प्रवाहाला लागलेला माणूस. मुक्तीचा पहिला टप्पा. एकदा ओंडका मधल्या धारेत पडला की समुद्राला जाणारच, उशिरा का होईना, काठाला परत लागत नाही. त्यासाठी तीन बेड्या तुटाव्या लागतात. 'मी' म्हणून आत कुणी बसलाय, ही समजूत—एक. शंका—दोन. आणि व्रतं, विधी, पिंडं असल्या गोष्टींनी कुणाची सुटका होते हा भ्रम—तीन. तिसरी तर माझी केव्हाच तुटली. शंका मला मुळातच कमी. आणि पहिली—या सगळ्या बेंगळुरात 'मी' असा कुणी नसतोच हे ज्याला कळलंय असा माणूस आहे कोण? मीच!

गांधीनगरच्या बाजूला विहार आहे, तिथंही जाऊन आलो. पेन्शनरांचा अड्डा. एक रिटायर्ड मुनसफ डोळे मिटून घोरतात आणि उठल्यावर म्हणतात, समाधी लागली होती. एक बाई मेणबत्त्या लावते, मुलाला नोकरी लागावी म्हणून! देव बदलला, नवस तोच. तिथले भंतेजी भला माणूस, पण मी माझी प्रगती सांगायला लागलो तर म्हणतात, 'घरी आई आहे ना? तिच्याजवळ बसत जा.' मी ध्यानाचं विचारतोय आणि हे मला आईचं सांगतायत! तेव्हापासून गेलोच नाही.

शील म्हणजे काय, ते तरी तुम्हाला कुठं ठाऊक! खोटं बोलायचं नाही म्हणजे नाही. गुंडोच्या नीरजाला बघायला हुबळीची मंडळी आली होती, तूही होतास. उप्पीट, केसरीभात, सगळा थाट, आणि पोरीचा चष्मा कपाटात दडवलेला. ती बश्या घेऊन आली ती थेट स्टुलावर. मी म्हटलं, 'अगं, चष्मा लाव, नाही तर पाहुण्यांच्या मांडीवर वाढशील.' झालं! हुबळीकर उठले. गुंडो माझ्याशी बोलेना, त्याची बायको पाणी देईना. अरे, मी खरं बोललो! मुलीला दिसत नाही हे लपवून लग्न करणार होतात, आणि पापी मी?

अम्माशीसुद्धा मी खोटं बोललो नाही, मग हुबळीकर कोण लागून गेले! त्या आतल्या खोलीत होती ती. शेवटी शेवटी आवाज फार बारीक झाला होता. एके दिवशी माझं मनगट धरलं आणि म्हणाली, 'हयवदना, माझं तेवढं तूच कर हं. गुंडोवर टाकू नकोस.' आता तुझ्यासारखा असता तर 'हो अम्मा, हो अम्मा' करून मोकळा झाला असता. सगळे तेच करतात, मरणाऱ्याला काय वाटेल ते कबूल करायचं. मी म्हटलं, 'अम्मा, माझा त्यावर विश्वास नाही, मी करणार नाही.' मन कसं स्वच्छ होतं माझं त्या वेळी, आरशासारखं. ती काय म्हणाली? काही नाही. 'सरी बाळा' म्हणाली आणि हात सोडला. भिंतीकडे तोंड केलं. सरी—संपलं. रडली नाही, रागावली नाही. समजूतदार बाई होती. मग दहाव्याला तो तमाशा कशाला केला तुम्ही?

श्रीरंगपट्टणला, काठावर. आठवतंय ना? पिंड मांडलेले, आणि समोरच्या चिंचेवर कावळे—ही गर्दी! गुंडोनं हात जोडले, 'अम्मा, मी अण्णाला अंतर देणार नाही.' माझं ओझं हा वाहणार, ऐक! कावळा हलला नाही. वसुमती म्हणाली, 'तुमचं देवघर मी सांभाळीन.' नाही. मग कोण कोण आत्या-मावश्या काय काय कबूल करत सुटल्या, आणि एकेक जण हळूहळू माझ्याकडे बघायला लागला. तू कोपरानं ढोसलंस मला, विसरलो नाही मी. 'बोला ना काहीतरी, भावोजी.' मी श्वास बघत उभा. ऊन डोक्यावर आलं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला—गवताच्या दोन काड्या वळून!—तो टेकवला पिंडाला आणि झालं म्हणाले, शिवला. सगळे खूश, चला जेवायला. अरे, लाज नाही वाटली तुम्हाला? बाईची जिवंतपणीची इच्छा आणि गवत टेकवून फिटली? करायचं तर नीट तरी करा! बसायचं होतं तसंच, संध्याकाळपर्यंत बसायचं. किती कावळे होते रे त्या चिंचेवर. एक खाली आला नाही. एकसुद्धा.

नाही, मला काय त्याचं. कावळा हा पक्षी आहे, त्याला भूक नव्हती. मी सायन्स शिकलेला माणूस.

परत बघतोस तिकडे! काय? तीळ? कुठं तीळ? ...असतील. तांदळाच्या डब्यात सांडले असतील, वसुमती घरात नसली की स्वयंपाकघरात कशाचा पत्ता कशाला लागत नाही. भात चिकट झाला म्हणून गोळे झालेत ते. चिकट झाला की होतात गोळे. तुला काय माहीत, कधी भात शिजवलायस जन्मात? तीन आहेत? असतील तीन. मोजत बसलास? दुसऱ्याच्या घरी येऊन त्याच्या भिंतीवरचा भात मोजायचा, ही कुठली रीत! मी खोटं बोलत नाही, ठाऊक आहे तुला. पक्ष्यांसाठीच आहे तो. कुठल्याही पक्ष्यासाठी. चिमणी येवो, साळुंकी येवो—

थांब.

हलू नकोस. खुर्ची वाजवू नकोस. नारळावरून उतरला. भिंतीवर आला बघ—सकाळपासून तोच फिरतोय, येतो, मान वाकडी करतो आणि जातो. ये. ये रे. बघतोय इकडे. श्‌... अम्मा. अम्मा, सरी. ऐकलंस ना? सरी म्हणतोय मी. मीच करीन, दर वर्षी मीच—

तू काय ऐकतोस तोंड वासून? ऊठ. घे ती क्लिप. तिथं विचारतील, अण्णा का आले नाहीत, तर सांग, ध्यानाला बसलेत. हो, असंच सांग. माझ्या नावानं सांग. वसुमतीलाही तेच. आणि पुढच्या दारानं जा, सायकलची घंटा वाजवू नकोस. जा म्हणतो ना, जा लवकर—माणूस उभा असला की तो शिवत नाही.