निघालेल्या माणसाला

…न्हाई, न्हाई, डबी मीच बसवली, मी कुठं नाकारतोय? तुमच्या मेकॅनिकानं सांगितलं ते खरंय, गोरक्षराव. पन आधी बसा. राहात्याहून उन्हाचं आलात, साडेनवाला घर सोडलंत, मधी बाभळेश्वरला वीस मिनिटं थांबलात, तिथनं एका दमात श्रीरामपूर, नेवासा आन हितं — बसा, बसा, उठू नका. हे असं तोंडातून निसटतं माझ्या. अंगनात तुमी हॉर्न वाजवायच्या आधी मी पायऱ्यांवर उभा हुतो, ते तुमाला तवाच खटकलं असंल. मालन, च्या टाक गं दोघांचा. साखर माझ्यात नको.

तर डबी. काडेपेटीएवढी हाय, स्टेरिंगच्या खाली, डाव्या अंगाला. गाडी कुठं हाय ते मोबाईलात दाखवती. चालती असली का हिरवा ठिपका, उभी ऱ्हायली का लाल. आन स्टार्टरची वायर त्यातूनच गेलीय, म्हनून तुमच्या मेकॅनिकानं ती तोडायची न्हाई म्हनलं, ज्याच्या मोबाईलवर हाय त्याच्याकडनं आधी काढून घ्या म्हनलं — शहाना मानूस हाय. काढून देतो. त्यासाठीच आलात, मोकळ्या हातानं पाठवनार न्हाई. चैत्रात गाडी इकली तवा सांगायचं ऱ्हाऊन गेलं. घाईत हुतो. एजंट कागद घेऊन बसला हुता, सह्या करा, हितं करा, तितं करा — इसरलो बघा. मानूस इसरतो का न्हाई?

व्हय, तुमचा राग बरोबर हाय. तुमच्या गाडीत तुमची बायको बसती, लेकरं बसत्यात, आन कुकान्याजवळच्या एका वस्तीवर कुनी मच्छिंद्र नावाचा म्हातारा पायरीवर बसून बघतोय हे कुठं चाललेत. माझ्या गाडीला कुनी असं केलं असतं तर मीबी कॉलर धरली असती. तुमी धरली न्हाई. मानसं चांगली असत्यात, हे मला आता आता कळाया लागलंय, आन ते उशिराच कळतंय.

गाडी माझी न्हाईच. अंगदची. माझा एकुलता पोरगा, एकतीस वर्षांचा. मार्गशीर्षात गेला. एजंटानं सांगितलं असंल, 'घरात अडचन झाली म्हनून इकत्यात.' अडचन — तसंच म्हनत्यात लोक. न्हाई, गाडीत न्हाई गेला, तुमी भिऊ नका, गाडीला त्याचं काही लागलेलं न्हाई. गाडीत असता तर आज हितं बसला असता. मोटारसायकलीवर गेला. आन गाडी असताना मोटारसायकलीवर का गेला, तर ती डबी.

आमच्या मालनची एक रीत हाय. निघालेल्या मानसाला 'कुठं' म्हनून इचारायचं न्हाई. तुमच्याकडंबी असंल ही रीत. चप्पल पायात घातलेल्याला 'कुठं' म्हनलं का कामाला खोळंबा हुतो, वाटंत आडवं येतं. मी हसायचो तिला. चाळीस वर्षं झाली लग्नाला, मला एकदा कुठं म्हनली न्हाई. 'जेवायला हाय ना?' म्हनायची. 'दिवा लागायच्या आत येनं हुईल का?' म्हनायची. तेवढ्यात तिला सगळं कळायचं बघा, कुनीकडं चाललोय, कामाला चाललोय का पत्ते कुटायला. अंगदबी तिला 'जाऊन येतो' म्हनायचा आन जायचा. मला न्हाई जमलं ते. मला समदं सांगूनच गेलं पाहिजे. आन अंगद दर गुरुवारी जायला लागला — सकाळी जायचा आन दुपारी यायचा. इचारलं तर 'नगरला काम हाय, अण्णा.' काय काम? 'हाय थोडं.' आता हे थोडं काम माझ्या डोक्यात बसलं. त्यात गावातल्या एकानं सांगितलं, नाव नको, तोबी मनानं वाईट न्हाई — म्हनला, अंगदची गाडी लॉजच्या खाली दिसली.

मंग मी काय केलं? सरळ इचारावं ना बापानं? न्हाई. मी म्हनलो, गाडी सर्व्हिसिंगला नेतो. अंगद खूश झाला, म्हनला, 'अण्णा, तुमी कशाला तरास घेता?' नेवासा फाट्यावर नेली आन डबी बसवली. तो वायरमन म्हनला, नाना, चोरानं गाडी नेली तर मोबाईलवरनं बंद पाडता येती, परत चालूच हुनार न्हाई, ते टाकू का? म्हनलं टाक. चोर कोन हुता त्याच्या मनात ठाऊक न्हाई. माझ्या मनात माझा पोरगा हुता.

मंग गुरुवार आला. हितंच बसलो, ह्याच पायरीवर. ठिपका निघाला. घोडेगाव. पांढरीचा पूल. इमामपूरचा घाट. नगर. आन उभा ऱ्हायला — लॉज. मोबाईलात नावच येतं ना, मोठ्या अक्षरात, लॉज. पन्नास मिनिटं लाल. मंग परत. येताना घोडेगावात सात मिनिटं लाल. ती सात मिनिटंबी मला डाचायला लागली, का हितं कोन हाय आनखी? असं चौदा गुरुवार, गोरक्षराव. चौदा गुरुवार मी पोराला जेवायला वाढलेलं बघितलं, बोललो, हसलो, आन मोबाईल उशाखाली घेऊन झोपलो. तो घरी आल्यावर 'उन लई हुतं का रे घाटात?' म्हनून इचारायचो, मंग त्याच्या तोंडाकडं बघायचो. त्याला कळत नव्हतं, का घाटाचं ह्यांना कसं कळलं. लई हुशार वाटायचं मला तवा.

पंधराव्याला फुटलो. घरात न्हाई, अंगनात. भावकीतली चार मानसं बसल्याली, ऊसतोडीची टोळी कधी येती त्याचं बोलनं चाललं हुतं, जया — सून माझी — पानी घेऊन आल्ती. अंगद चावी फिरवत निघाला. आन मी म्हनलो, 'कुठं?' मालन आतून म्हनली, 'अहो.' तरी म्हनलो. 'कुठं निघालास? का मी सांगू? दर गुरुवारी लॉजवर पन्नास मिनिटं कुनासंगं असतोस ते सांग ह्या मानसांत. घोडेगावात कोन हाय ते सांग. डबी बसवलीय तुझ्या गाडीला, समदं हाय माझ्याकडं.' असं. ह्याच तोंडानं.

मला वाटलं सापडला. जयाकडं बघितलं त्यानं, जयानं त्याच्याकडं. मंग त्यानं चावी त्या खुंटीला अडकवली — ती काय, दाराशेजारची — आन मोटारसायकल काढली. 'जाऊन येतो' म्हनला आईला. मला न्हाई म्हनला. घोडेगावच्या अलीकडं, आमच्या बाजूला, उसाची डबल ट्रॉली शेतातून रोडवर येत हुती. भर दुपार, बाराचं उन. तो परत येत हुता. गाडीत असता तर पत्रा गेला असता, काच गेली असती. मोटारसायकलीवर काय असतं मानसाला?

च्या घ्या. निवतोय. घ्या.

खिशातनं त्याच्या काय निघालं सांगू? पोलिसांनी पिशवीत घालून दिलं. त्याचा मोबाईल, रुमाल, आन माझ्या शुगरच्या गोळ्या. घोडेगावच्या मेडिकलच्या. ती सात मिनिटं. जुन्या सरायच्या आत नव्या गोळ्या उशाशी असायच्या, मी कधी इचारलं न्हाई कुठनं येत्यात. ते तेवढं कधी इचारलं न्हाई. त्या दिवशी अंगनात मी एवढं बोललो, तरी येताना थांबला त्यो मेडिकलला.

आन लॉजचं जयानं सांगितलं. तेराव्यानंतर तिचा भाऊ न्यायला आला, पिशवी भरली, पाया पडली मालनच्या, आन माझ्यासमोर उभी ऱ्हाऊन म्हनली, 'मामा, लॉज खाली हाय. वरच्या मजल्यावर डाक्टर बसत्यात, ज्यांना मूल न्हाई हुत त्यांच्यासाठीचे. दोष ह्यांच्यात हुता. मला बोल लागत हुता घरात, म्हनून औषध घेत हुते. कुनाला सांगू नको म्हनले हुते, म्हनून मी त्या दिवशी बोलले न्हाई. बोलले असते तर गेले नसते.' एवढंच म्हनली. रडलीबी न्हाई. बोल कोन लावत हुतं घरात? आमीच. मी आन ही. सहा वर्षं. ठिपका कुठं उभा हाय ते दाखवतो बघा मोबाईल, कितव्या मजल्यावर आन कशापायी, ते दाखवत न्हाई. ते पोराला इचारायचं असतं, आन त्यानं न्हाई सांगितलं तर गप बसायचं असतं.

गाडी अंगनात उभी. मालन तिकडं पाठ करून भांडी घासायची. म्हनून इकली. आन — आता बसलाच हायेत तर खोटं कशाला बोलू. इसरलो नव्हतो मी. एजंटासमोर डबीचं नाव ओठावर आलं हुतं, गिळलं. कारन गाडी गेली तरी ठिपका ऱ्हानार हुता ना माझ्याकडं. हिरवा झाला का वाटायचं निघाला. लाल झाला का वाटायचं पोचला. बस, तेवढंच. तुमी कोन, काय, मला काही घेनं न्हाई. सकाळी तुमी कामाला निघालात का मी अंघोळीला उठतो. सोमवारचं संगमनेरला दहा ते दीड त्या गल्लीत असता —

न्हाई. नका सांगू. गोरक्षराव, हात जोडतो, काय काम हाय ते सांगू नका मला. मी इचारलं न्हाई. चुकलं माझं, ते तोंडातून यायलाच नको हुतं. तुमच्या घरी ठाऊक असंल, नसंल, माझ्यापाशी ते संपलं. मेलो तरी ह्या तोंडातून जानार न्हाई.

आनखी एक हाय. ते सांगतो, मंग तुमी जे म्हनाल ते. मागल्या गुरुवारी पांढरीच्या पुलावर भेळ खायला थांबला हुतात. परत बसलात तर गाडी चालू हुईना. पंधरा मिनिटं. बॅटरी असंल म्हनलं असंल तुमी, ढकलली असंल चार जनांनी. बॅटरी नव्हती. मी दाबलं हुतं. … व्हय. मी. म्हनूनच तर तुमी मेकॅनिककडं गेलात आन त्याला डबी दिसली. मला म्हाईत हुतं हे हुनार.

गुरुवार हुता, आन ठिपका त्याच रस्त्यानं चाल्लेला. मला समदं ठाऊक हाय हो, गाडीत तुमी हायेत, अंगद न्हाई, मी काही येडा झालो न्हाई. पन ठिपका पुलावर थांबला ना, तवा वाटलं, आता हितंच ऱ्हाऊ दे. थोडा येळ. अंगद भेळ खातोय, पुलावर हाय, म्हंजे तवर घोडेगावापुढची ती ट्रॉली निघून जाईल. पंधरा मिनिटांत निघूनच जाईल ना ट्रॉली? बसलो बघत. मंग मालन बाहेर आली, माझ्या हातात मोबाईल बघितला आन म्हनली, 'सोडा आता त्याला.' तवा सोडलं. तिला कसं कळलं मला ठाऊक न्हाई. डबीचं मी तिला सांगितलंच नव्हतं, का ती अजून चालू हाय.

लेकरं हुती का गाडीत? उन्हात बसली असतील. … बरं. बरं, नव्हती तर.

द्या तो माझा मोबाईल हिकडं, काढतो. हे बघा, 'गाडी काढून टाका' म्हनतंय. आन खाली काय म्हनतंय वाचा, माझा चष्मा आत हाय. 'जुन्या सगळ्या फेऱ्या पुसल्या जातील.' ठाऊक हाय मला, ह्याच्यामुळंच एवढे दिवस बोट जात नव्हतं. त्याचे चौदा गुरुवार हायेत ह्यात. दाबलं का परत चालून दाखवतं, जशी गाडी गेली तशी. एकदा बघू? एकच. शेवटचा. तुमाला उशीर तर हुत न्हाई?

हा बघा निघाला. आमचं वळन. घोडेगाव. हितं जरा हळू झाला, गतिरोधक हाय. घाट. नगर… उभा ऱ्हायला. हितं तो जिना चढत असंल बघा. एकटा. वर बाकड्यावर बसत असंल नंबराची वाट बघत, आन मी खाली लॉज वाचत हुतो. … निघाला. आता घोडेगाव येईल. आलं. सात मिनिटं. मेडिकल. … हे आमचं वळन. आलं घर.

मालन, तू कवा आलीस? बघितलंस? … बरं. जा आत.

गोरक्षराव, तुमीच दाबा. माझ्या डोळ्याला चष्मा न्हाई, भलतंच दाबलं जाईल. दाबा. 'होय' म्हना त्याला. पुन्हा इचारतंय? पुन्हा होय म्हना.

गेलं?

काहीच दिसत न्हाई आता. नुसता नकाशा.

डबी आता मेकॅनिककडनं खुशाल तोडून घ्या. चला, उठा, दुपार कलली. चप्पल तिकडं हाय, उन्हात तापली असंल, पानी मारा तिच्यावर. राहात्याला सरळ जाताय का मधी — न्हाई. न्हाई इचारत.

जाऊन या.