वाचक मंडळाचे सहा संगणक कोरे केल्याबाबत

जबाब देणार : आमोद गोविंद जोगळेकर, वय ४६ वर्षे, धंदा – संगणक शिक्षक, रा. नारायण पेठ, पुणे. जन्मतः अंध.

मी आज दि. १३/१०/२०२५ रोजी स्वतः पोलीस ठाण्यात हजर राहून सांगतो की,

पेठेतील ‘सोबती अंध वाचक मंडळ’ या संस्थेत मी नऊ वर्षे विनामोबदला शिकवतो. मंडळाच्या सहा संगणकांवर पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारी प्रणाली आहे. होती. ती मुक्त प्रणाली आहे, म्हणजे कोणीही वापरावी, वाटावी, बदलावी अशी बनवणाऱ्यांचीच लेखी परवानगी आहे. तो परवाना मी मराठी सारांशासह छापून कार्यालयाच्या भिंतीवर लावून घेतला होता. माझ्यासाठी नव्हे, डोळसांसाठी.

शुक्रवार दि. १० रोजी सायंकाळी पाचचे सुमारास मंडळाचे चिटणीस पुष्कर दामले, वय ६१, यांनी मला विचारले, “जोगळेकर, या सॉफ्टवेअरच्या पावत्या कुठायत? देणगीदार कंपनीची माणसं बुधवारी तपासणीला येताहेत.” मी सांगितले की पावती नाही, परवाना आहे, आपल्या पाठीमागेच आहे, वाचा. ते म्हणाले, “अहो, फुकट आणि कायदेशीर? आमच्या मंडळात चोरीचा माल चालायचा नाही.” त्यात मुलांच्या नोट्स आहेत, हात लावू नका, असे मी दोनदा बजावले. त्यावर ते “बघू” म्हणाले. त्यांनी मागे वळून बघितले असते तरी पुरले असते.

काल रविवारी वर्गाला सुट्टी असताना दामले यांनी बुधवार पेठेतून कारागीर आणून सहाही संगणक पुसून घेतले. कपाटातली, नोट्सची जादा प्रत ठेवलेली डिस्कही पुसायला काढून दिली, कारण “त्यातही तोच माल”. कपाटाची किल्ली त्यांच्याचकडे असते.

आज सकाळी आठ वाजता माझी विद्यार्थिनी अक्षता कुदळे, वय २२, रा. धायरी, हिने मला हाक मारली, “सर, मशीन बोलंना. माझं समदं त्यातच हाय.” तिची लिपिक पदाची परीक्षा २५ तारखेला आहे. तिची आई तुळजाबाई भाजी विकते, चौथी शिकली आहे. दोन वर्षे रोज संध्याकाळी मंडळात येऊन ती पुस्तके अक्षराला अक्षर लावून वाचत असे व अक्षता टाइप करत असे. प्रणाली मी दुपारपर्यंत पुन्हा बसवली. ती कितीही वेळा मिळते. नोट्स मिळाल्या नाहीत. “आईला काय सांगू?” असे अक्षताने विचारले.

दामले यांना फोन केला असता “मी मंडळाची अब्रू वाचवली” असे ते म्हणाले. मला अतोनात संताप आला आहे. असले जबाबात घेत नाहीत, असे हवालदारांनी सांगितले. मी घ्यायला लावले. वस्तू फुकटची, तर नुकसान शून्य लिहू का, असेही त्यांनी विचारले. तुळजाबाईंना बोलावून विचारा, असे माझे म्हणणे आहे.

तरी दामले यांचेविरुद्ध माझी तक्रार आहे.

हा जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. त्यात दामले यांनी संगणक “चुकून” पुसले, असे आले. तो शब्द मी उच्चारलेला नाही. तो काढायला लावून जबाब पुन्हा पहिल्यापासून वाचून घेतला. आता तो मी सांगितला तसा आहे. अंगठा देणार नाही, सही करतो.