घरघंटीची ऑनलाइन मदत

...आणि वर लोक मलाच विचारायचे, ‘पोपटशेठ, अजून टूल नाही ठरलं तुमचं?’ अहो, कुठलं ठरवणार? पोरीसाठी एवढी स्थळं बघितली नाहीत, तेवढी टूलं बघितली मी! पोरीनं चहा संपायच्या आत पसंती सांगितली, टूलाचं मात्र तेव्हा अजून बघणंच चाललेलं!

तुम्हाला सांगतो, माझा धंदा घरघंटीचा. मानपाड्याला एमआयडीसीत छोटा गाळा, तिथं घरच्या घरी दळण दळायची मशीनं बनवतो. कॉलेज बघितलं नाही, मोटारी उघडून उघडून शिकलो. मशीन माझं गुणी आहे हो, त्रास मशीनचा नाहीच! झाकणावर मी मोठ्या अक्षरात माझा मोबाइल नंबर छापलाय. बाकीचे मालक नंबर लपवतात, म्हटलं आपण छापू, गिऱ्हाइकाला विश्वास वाटेल. वाटला ना! इतका वाटला, की माणसं झाकण उघडायच्या आधी फोन लावतात. ‘दादा, नाचणीला कुठली जाळी?’ ‘दादा, लाल दिवा लागलाय, चांगलं की वाईट?’

फोन बंद ठेवा म्हणाल. ठेवला होता एकदा! शहाडच्या एका ताईंनी गहू धुतले आणि ओलेच टाकले, आत कणीक मळून तयार, माझा फोन बंद... तर ताईंनी इंटरनेटवर लिहिलं, ‘मशीन छान, मालक गायब.’ गायब! इथं डबा खात बसलेल्या माणसाला!

पण कडेलोट झाला तो संचिताच्या, म्हणजे माझ्या पोरीच्या साखरपुड्यात. बुद्धवंदना चाललेली, सगळा हॉल हात जोडून उभा, आणि माझ्या खिशात फोन. उचलला. सवय हो! पलीकडून बाई, ‘पोपटदादा, मिरची दळलेली, आता गव्हाला ठसका लागतोय!’ मी आपला हळूच म्हणालो, ‘मूठभर तांदूळ फिरवा.’ हळूच म्हणजे मला वाटलं हळूच. मशीनच्या आवाजात आयुष्य गेलंय, माझं हळूच शेवटच्या रांगेपर्यंत जातं. संचिता म्हणाली, ‘पप्पा, लग्नात हा फोन वाजला ना, तर हार मी त्या फोनलाच घालीन!’ आणि मालन, आमची मंडळी, तिनं फोन माझ्या हातातून घेऊन सरळ आपल्या पर्समध्ये टाकला.

त्यावर उपाय काढला आमच्या होणाऱ्या जावयानं. प्रीतम नाव, ठाण्याला कंपनीत मॅन्युअलंच लिहितो, मशीन कसं वापरायचं त्याची पुस्तकं. म्हणाला, ‘पप्पा, ऑनलाइन हेल्प करू. गिऱ्हाईक झाकणावरचा कोड स्कॅन करणार, उत्तर वाचणार, फोन बंद! फक्त ते लिहायचं टूल, म्हणजे सॉफ्टवेअर, ठरवू. टूल एकदा ठरलं की बाकी सोपं!’ आता होणाऱ्या जावयाला नाही कोण म्हणणार?

मग काय, वरात निघाली टूलांची! कल्याणचा दौलत, माझी पत्रकं छापतो तो, म्हणाला, ‘शेठ, वर्डमध्ये टाइप करा, पीडीएफ काढा, विषय संपला.’ प्रीतमचा चेहरा असा झाला, जसं मी जेवणात बांगड्याबरोबर जिलबी मागितली. मग एका टूलकंपनीची मृणाल मॅडम आली, खोपटहून, लॅपटॉप घेऊन. ‘सर, आमच्याकडे सिंगल सोर्स आहे! एका जागी लिहायचं, वेबवर, मोबाइलवर, कागदावर, सगळीकडे आपोआप!’ म्हटलं, मॅडम, मराठी? ‘सर, ऑफकोर्स!’ आणि पडद्यावर जोडाक्षरं अशी फुटली, जशी जाळी न बसवता दळलेली डाळ. ‘सर, ती फॉन्टची सेटिंग आहे. टूल एकदा ठरलं की बाकी सोपं!’

पुढचं टूल फुकट, पण ते चालवायला इंजिनीअर पाहिजे. त्याच्या पुढचं सोपं, पण इंटरनेट गेलं की तेही गेलं. एक एआयवालं, स्वतःच लिहितं! त्यानं पहिलंच वाक्य लिहिलं, ‘आपल्या दळण-प्रवासात आपले हार्दिक स्वागत.’ दळण-प्रवास! अहो, डबा घेऊन गिरणीत जायचा प्रवास वाचावा म्हणून तर लोक माझं मशीन घेतात!

शेवटी मृणाल मॅडमचंच टूल घेतलं. लग्न तोंडावर आलेलं, आणि नवरीची निवड जिथं एका चहात होते, तिथं माझी अजून किती चालवायची? आता ते टूल शिकताना अडलं, म्हणून त्यांच्या कंपनीला फोन करायला गेलो, तर नंबरच नाही! नुसतं ऑनलाइन हेल्प. वाचलं. खाली विचारतात, ‘याचा उपयोग झाला का? हो, नाही.’ मी ‘नाही’ दाबलं. ते म्हणाले, ‘धन्यवाद.’

पण केलं हो! जाळ्या, दिवे, मिरची, ओले गहू, सगळं लिहिलं. आणि शेवटी, धंद्याची जीभ आहे, लिहून गेलो... ‘तरीही काही अडलं तर संकोच न करता फोन करा, आपला पोपट.’ नंबरासकट! एकाच जागी लिहिलं होतं. टूल इमानदार निघालं. वेबवर, मोबाइलवर, कागदावर, प्रत्येक पानाखाली माझा नंबर! आधी फोन करायला झाकणापर्यंत जावं लागायचं, आता बोट लावलं की थेट मलाच लागतो!

प्रीतम म्हणाला, ‘पप्पा, काढून टाकतो.’ काढू कसा देऊ? ज्याचा नंबर कालपर्यंत होता आणि आज नाही, तो व्यापारी पळाला असंच बाजार धरतो. नको म्हटलं. राहू दे.

मग मीच डोकं चालवलं. म्हटलं, फोन करणारेच सगळे हॉलमध्ये समोर बसले, तर फोन करणार कोण? सगळ्या गिऱ्हाइकांना लग्नाचं आमंत्रण धाडलं! पत्रिकेत सगळं छापलं, वार, वेळ, हॉलचा पत्ता, येण्याचा रस्ता, जवळची खूणसुद्धा. साखरपुड्यानंतर मालन पहिल्यांदा हसली हो!

पत्रिका पोचली त्या दिवशी फोन. शहाडच्या ताई. ‘दादा, अभिनंदन! लग्न कुठे आहे?’ म्हटलं, ताई, पत्रिकेत पत्ता आहे ना? ‘आहे ना, हातातच आहे. पण म्हटलं वाचत कुठं बसू... तुम्हालाच विचारते!’